ग्रामसभेत बिबट्याला अनुसूची १ मधून काढायचा ठराव येतोय, पर्यायी ठराव लिहायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, जंगलाला लागून. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरायचा आणि सांभाळायचा गावाचा हक्क, मिळालेला आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येतोय: "बिबट्याला अनुसूची १ मधून काढून अनुसूची २ मध्ये टाकावे." अनुसूची १ म्हणजे वन्यजीव कायद्यातली सर्वांत कडक संरक्षणाची यादी. ठरावाचा मजकूर व्हॉट्सॲपवरून आला. शेजारच्या गावांतही तोच फिरतोय, फक्त गावाचं नाव बदललेलं. मला विरोध करायचा आहे, पण नुसतं "नाही" म्हणायला उभं राहायचं नाही.

मी लांब शहरात बसून हे लिहीत नाही. मागच्या जूनमध्ये माझ्या मोठ्या आईवर घरामागेच बिबट्याने झडप घातली. पहाटेची वेळ, आणि खांबावरचा दिवा दोन महिने बंद. जीव वाचला, पण उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. यंदा ती धान कापायला गेली नाही, बांधीच्या धुऱ्यावर बसून राहिली. भरपाईचा कागद सात महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. त्यामुळे ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांचा मला राग नाही. त्यांचं दुखणं खरं आहे, औषध चुकीचं आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधलं कलम ११ मी मराठीत मिळवून वाचलं. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेला अनुसूची १ मधला प्राणी पकडायची, आणि पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे हलवणं शक्यच नसेल तर मारायचीही लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक आजसुद्धा देऊ शकतात. पांढरकवड्याच्या, नरभक्षक ठरवलेल्या टी-१ (अवनी) वाघिणीचा आदेश याच कलमाखाली निघाला होता. स्वतःचा जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. मग "कायद्याने हात बांधले" असं जे सांगितलं जातं, ते कशाच्या जोरावर?

माझी खरी भीती तारेची आहे. रानडुकरासाठी वावरात वीज सोडणारे गावोगाव आहेत. त्या तारेला वाघ चिकटतो, बिबट चिकटतो, रात्री पाणी द्यायला गेलेला माणूसही चिकटतो. "बिबट्याचं संरक्षण कमी झालं" एवढंच वाक्य कानावर पडलं तर या तारा वाढतील.

मला कळत नाही ते असं: अनुसूची बदलायला संसदेत विधेयक लागतं का? नसेल तर आमच्यासारख्या गावाच्या ठरावाला किती वजन? आणि पर्यायी ठरावाचे शब्द कसे असावेत, की मोठ्या आईसारख्या माणसाला आपलं ऐकलं गेलं असं वाटेल?

वनहक्क_गडचिरोली:
विधेयक लागत नाही, तिथंच धोका आहे. कलम ६१ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून प्राणी एका अनुसूचीतून दुसरीत हलवू शकतं. म्हणून हे एकसारखे ठराव गोळा होतायत. उद्या त्यांचा गठ्ठा "लोकांची मागणी" म्हणून पुढे ठेवता येईल. तुमचा वेगळा ठराव त्या गठ्ठ्यात दिसला पाहिजे.
२०२२ च्या दुरुस्तीने सहाच्या चार अनुसूच्या झाल्या, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. अनुसूची २ मधल्या प्राण्याला कलम ६२ खाली उपद्रवी जाहीर करता येतं (मग त्याला मारायला परवानगी लागत नाही), अनुसूची १ मधल्याला येत नाही. शिवाय अनुसूची २ ला शिकारीच्या परवानगीसाठी मालमत्तेचं नुकसान, उभं पीक, एवढं कारणही पुरतं. शिकाऱ्याची शिक्षाही खाली येते. अनुसूची १ ला किमान तीन वर्षं कैद आहे, तो "किमान" शब्दच निघून जातो. कातडीचा धंदा करणाऱ्याला याहून काय हवं?

धुऱ्यावरचा_माणूस:
भाऊ, माझ्या चार शेळ्या नेल्या, पाचवी गाभण होती. तुम्ही कलमं वाचा. मले सांगा, ठराव नाही करायचा तं करायचं काय?

धागाकर्ता:
दादा, शेळ्यांचा पंचनामा झाला का? किती दिवसांनी आले? हेच मला ठरावात तारखांसकट लिहायचं आहे. बिबट अनुसूची २ मध्ये गेला म्हणून तुमच्या गोठ्याला दार बसणार नाही, शेळ्यांचे पैसेही लवकर येणार नाहीत.

धुऱ्यावरचा_माणूस:
सहाव्या दिवशी आले. तोवर काही उरलंच नव्हतं दाखवायले. लिहा मंग ते.

मोहफुल:
वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ वापरा. वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता जपण्याचा अधिकार ग्रामसभेला त्यात दिला आहे. ठरावाची सुरुवात तिथून करा: "ग्रामसभा कलम ५ नुसार आपला अधिकार वापरून..." म्हणजे आपण कोणाकडे दया मागत नाही, हे पहिल्याच ओळीत येतं.
पण लगेच दुसऱ्या ओळीत बिबट आणू नका. आधी माणसं. गावात कोण जखमी, किती जनावरं गेली, पंचनाम्याला किती दिवस, पैसे कधी. मृत्यूला २५ लाखांची मदत शासनाने ठरवली आहे, पण जखमी माणूस महिनोन्‌महिने थांबतो, हे आकडे तुमच्याकडेच असणार. मग मागण्या: खांबावरचे दिवे, गोठ्यांना जाळी, तेंदूपत्त्याच्या दिवसांत प्राथमिक प्रतिसाद दलाची (वनविभागाला मदत करणारं गावातल्याच लोकांचं पथक) पहाटेची गस्त, जिवंत तारांवर कारवाई. अनुसूची बदलायला विरोध शेवटी, दोनच ओळींत. प्रोसिडिंग बुकात नोंद झाल्याशिवाय उठू नका आणि सहीशिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा. एक प्रत उपवनसंरक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला, पोच घेऊन.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मोठ्या आईला कच्चा मसुदा वाचून दाखवला. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, "दिव्याची गोष्ट खाली कायले लिहिली? वर घे." वर घेतली. सभेत ती पुढे बसणार आहे, लागलं तर बोलेन म्हणते.

आता एकच अडचण: प्राथमिक प्रतिसाद दलाच्या मागणीला नेमके कोणते शब्द वापरायचे ते कळत नाही. तुमच्या गावाने असा ठराव केला असेल तर फोटो टाका. ग्रामसेवकाला परवा सकाळी मसुदा द्यायचा आहे.