मदत हवी आहे: नाटकाच्या पोस्टरला 'रोझा वन' फॉन्ट कुठे आणि किती वापरावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या दोन अंकी नाटकाचं पोस्टर करतोय. ए२ आकारात छापायचं आहे, शिवाय तिकीट आणि व्हॉट्सॲपवर फिरवायला एक चित्र. शीर्षकासाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' मनात भरलाय. गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, वजन (म्हणजे अक्षरांची जाडी) मात्र एकच, भरभक्कम.

जाड रेघ अतिशय जाड, बारीक रेघ केसाएवढी, अधलंमधलं काही नाही. आमच्या शीर्षकात 'ठ' आणि 'ळ' आहेत. 'ठ'चं पोट एकीकडे गच्च भरलेलं आणि दुसरीकडे पार निमुळतं झालेलं, हे मोठ्या आकारात बघत बसावंसं वाटतं. रोमनमधला हा 'फॅट फेस' घाट 19व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रुजला आणि लॉटरीच्या, नाटकांच्या जाहिरातींवर मिरवला. म्हणजे नाटकाचं पोस्टर हे त्याचं माहेरच.

अडचण अशी की कलाकारांची नावंही त्यातच लावून नमुना काढला, तर जोडाक्षरांतल्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. काळ्यावर पांढरी अक्षरं केली तिथे तर जास्तच. नावांना कोणता फॉन्ट घ्यावा? आणि काळी पार्श्वभूमी सोडायची नसेल तर काय करता येईल?

प्रतिसाद १
रोझा फक्त शीर्षकाला ठेवा. शाई कागदावर थोडी पसरतेच, त्यामुळे पांढरी बारीक रेघ दोन्ही बाजूंनी बुजते. तुमचा काळा चार रंग मिसळून केलाय का ते आधी बघा. तसं असेल तर छपाईत एखादा रंग जरासा सरकला तरी ती रेघ भरून जाते. अक्षरांभोवती तरी नुसता काळा ठेवा आणि अक्षरांना अगदी बारीक पांढरी आउटलाइन द्या. तिकिटावर शीर्षक लहान होणार असेल तर तिथे पांढऱ्यावर काळंच बरं.

प्रतिसाद २
नावांना 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' घ्या. साधा, सुटसुटीत आणि वजनं भरपूर. कथासूत्राचा परिच्छेद असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' छान दिसेल. रोझाच्या शेजारी दुसरा नक्षीदार फॉन्ट मात्र नको, दोघं भांडतात.

शीर्षक दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात, तेवढं हाताने सरकवून घ्या. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टची अक्षरं न ठेवता त्यांचे नुसते आकार करून) पीडीएफ द्या. बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टवर काम चालतं आणि जोडाक्षरं फुटतात.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काळा खरंच चार रंगांचा निघाला, तो बदलतोय. व्हॉट्सॲपच्या चित्रात शीर्षक पूर्ण रुंदीला लावलं तर चालेल ना?

प्रतिसाद १
चालेल, पण फोनवर चॅटमध्ये न उघडता वाचता येतंय का ते बघा. नाहीच आलं, तर एका ओळीच्या दोन करा.