बाबांबरोबर बघायला सिनेमे सुचवा (आम्ही पाहिलेल्यांबद्दलही लिहिलंय)

सांजवात:

नमस्कार मंडळी. आई गेली त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून बाबा सांगलीचं घर बंद करून आमच्याकडे ठाण्याला आहेत. वय ७६. शनिवारी जेवणं लवकर उरकून आम्ही दोघं सिनेमा लावतो. नवरा आणि लेक येऊन-जाऊन असतात, ठरलेले प्रेक्षक आम्ही दोघंच.

अडचणी अशा की बाबांना कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण ते बहुतेक वेळ डबीतच असतं. इंग्रजी सबटायटल्स वाचता येतात, पण दहा-पंधरा मिनिटांत डोळे दमतात. मराठी सबटायटल्स मराठी सिनेमालाही क्वचितच मिळतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं. आणि हल्ली ते एकच गोष्ट दोनदा विचारतात. "हा कोण?" मी सांगते. पाच मिनिटांनी पुन्हा "हा कोण?"

आत्तापर्यंत काय पाहिलं ते लिहिते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल.

कोर्ट (२०१४). मी दुसऱ्यांदा पाहिला, बाबांनी पहिल्यांदा. बाबा जिल्हा न्यायालयात स्टेनो होते, ३४ वर्षं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत नोंदीसाठी सांगतात, टाइप होतं, पुन्हा प्रश्न. त्या प्रसंगात माझं लक्ष सहज बाबांच्या हाताकडे गेलं. सोफ्याच्या हातावर बोटं चालत होती. पडद्यावर न्यायाधीश थांबले की बोटं थांबायची. सिनेमा संपल्यावर म्हणाले, "तारीख अगदी अशीच पडते." मला स्वतःला हलवून गेली ती गटारात मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष. तो आत उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली की उतरायचा, हे ती बाजारहाट सांगावा इतक्या साध्या सुरात सांगते. मग वकिलाच्या गाडीत बसल्यावर तिचा प्रश्न एकच, काही काम मिळेल का. ह्या सिनेमात कुणीच दुष्ट नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, जज सहलीला जातात, आणि तरीही ज्याच्यावर खटला चालू आहे तो शाहीर तुरुंगातच राहतो. चैतन्य ताम्हाणेंचा हा पहिला सिनेमा आहे हे मला अजून खरं वाटत नाही.

लापता लेडीज (२०२४). बाबा मोकळेपणाने हसले. स्टेशनवरची मंजू माई म्हणजे आपल्या छाया कदम. त्या पडद्यावर असताना बाबांनी एकदाही "ही कोण?" विचारलं नाही. शेवट मला जरा सोयीचा वाटला, सगळ्यांचं सगळं पटापट भलं होतं. पण त्या शनिवारी आम्हाला तेच हवं होतं.

वाळवी (२०२३). मला आवडला, बाबांना नाही. वळणावर वळणं. एक निसटलं की पुढचं सगळंच निसटतं. अर्ध्या तासाने उठून गेले.

ऑल वी इमॅजिन ॲज लाइट (२०२४). बरंचसं मल्याळम. मी सबटायटल्स मोठ्याने वाचत होते, त्यात माझाच निम्मा सिनेमा निसटला. बाबा झोपले. हा मी एकटीने पुन्हा बघणार.

परफेक्ट डेज (२०२३). हे माझं सगळ्यात मोठं आश्चर्य. टोकियोत सार्वजनिक शौचालयं साफ करणारा हिरायामा जवळजवळ बोलतच नाही. उठतो, रोपांना पाणी देतो, कॅसेट लावतो, कामाला जातो. भांड्याची खालची बाजू स्वच्छ झाली का ते तो छोटा आरसा धरून बघतो. ते पाहून बाबा सरळ बसले. "हे बघ, ह्याला म्हणतात काम." दोन तास जागचे हलले नाहीत. अशी शांत, माणसाच्या कामावर लक्ष असलेली आणखी नावं हवी आहेत. मराठी असेल तर उत्तमच.

रानवाटा:

किल्ला बघा, अविनाश अरुणचा. वडील गेलेला अकरा वर्षांचा मुलगा आणि सरकारी नोकरीतली आई. तिची बदली कोकणात होते, आणि मुलाचं पुण्यातलं जग तिथेच राहतं. संवाद मोजके, पाऊस आणि समुद्र भरपूर. दिग्दर्शक मुळात कॅमेरामन आहे, हे प्रत्येक फ्रेममध्ये कळतं. मित्र मुलाला किल्ल्यात एकटं सोडून जातात आणि पाऊस कोसळतो, तिथे मला माझी स्वतःची सहावी आठवली. आई झालेली अमृता सुभाष कार्यालयातही एकटीच आहे, तिच्यावर सही करण्यासाठी दबाव येतो. बाबांच्या नोकरीत बदल्या झाल्याच असतील. त्यांना ते लगेच कळेल.

दुपारची_वेळ:

सांजवात, "हा कोण" वाचून थांबले. माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता, सहा वर्षं घरीच सांभाळलं. म्हणून आधी सिनेमाबाहेरचं बोलते. बाबांचे कान तपासून मशीन नीट बसवून घ्या. संवाद ऐकूच आला नसेल तर माणूस पुन्हा विचारणारच, तो विसरला असं धरून चालू नका. पण मशीन घालूनही दोनदा विचारणं चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, पुढे ढकलू नका. आम्ही दोन वर्षं "वयाचं आहे" म्हणत काढली.

आता सिनेमे. अस्तू, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. मोहन आगाशे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत. मुलगी त्यांना थोडा वेळ गाडीत बसवून जाते आणि ते हत्तीच्या मागे चालत निघून जातात. माहुताच्या बायकोला त्यांची भाषा येत नाही, ते कोण आहेत हेही तिला माहीत नाही. ते तिला आई म्हणतात आणि ती त्यांना लेकरासारखं न्हाऊ-खाऊ घालते. ती भूमिकाही अमृता सुभाषचीच, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. माझी आई शेवटच्या वर्षात मला "ताई" म्हणायची. मी दरवेळी दुरुस्त करायचे, "अगं, मी तुझी मुलगी." अस्तू पाहिल्यावर दुरुस्त करणं सोडलं. तेवढ्याने घरातली चिडचिड निम्मी कमी झाली.

पण हा बाबांबरोबर लावू नका. आधी तुम्ही एकट्या बघा.

थ्री ऑफ अस त्यामानाने हळुवार आहे. शेफाली शाहला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे, विसर पडण्याआधी ती लहानपणीचं वेंगुर्लं बघायला जाते, नवऱ्यासोबत. हाही अविनाश अरुणचाच. जयदीप अहलावत बँकेतला माणूस आणि फावल्या वेळात भरतकाम करतो. इतका दांडगा माणूस सुईत दोरा ओवताना बघून मला का कोण जाणे रडू आलं.

पेठकर:

दुपारची_वेळ यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत. बाबा ३४ वर्षं कोर्टात बसले, खुनाच्या साक्षी टाइप केल्या. त्यांना अस्तू झेपणार नाही हे आपण परस्पर का ठरवायचं? विषय सांगा आणि त्यांना विचारा.

वाळवीबद्दल: तो गर्दीत, थेटरात बघायचा सिनेमा आहे, घरी निम्मी मजा जाते. त्याच परेश मोकाशींचा हरिश्चंद्राची फॅक्टरी मात्र बाबांना नक्की लावा. नंदू माधवचा फाळके घरातलं सामान विकतो, वाटाण्याचा कोंब रोज थोडा थोडा टिपून वाढताना दाखवतो. सिनेमात काम करायला बाई मिळत नाही, तर शेवटी तारामती व्हायला पुरुष उभा राहतो. १९१३ सालच्या आसपासची मुंबईतली गोष्ट आहे. पात्रं ठळक, प्रसंग सुटे. मधे पाणी प्यायला उठलं तरी धागा तुटत नाही.

लिंबलोण:

मी जर्मनीत असते. ऑल वी इमॅजिनमध्ये जर्मनीहून आलेला तो लाल राइस कुकर आठवतो का? पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. नवऱ्याचा कित्येक दिवसांत फोन नाही. रात्री सिनेमाची नायिका प्रभा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तो कुकर मांडीत घेते, मिठीच मारते. थेटरात माझ्या शेजारच्या परक्या बाईंनी डोळे पुसले. मी दर दिवाळीला आईला इकडून काहीतरी पाठवते, मिक्सर, ब्लँकेट. त्या रात्री घरी येऊन पार्सलऐवजी फोन केला, दीड तास बोललो. तुम्ही तो एकट्याने परत बघणार आहात हे वाचून बरं वाटलं. मोठ्याने वाचत बघायचा हा सिनेमा नाही. आणि रत्नागिरीकडच्या पार्वतीच्या भूमिकेत पुन्हा छाया कदमच आहेत!

कोरडवाहू:

साबर बोंडं कुणी लिहिलं नाही म्हणून. रोहन कानवडेचा, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. वडील गेल्यावर मुलगा मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांचं सुतक, लग्नाचं विचारणारे नातेवाईक आणि लहानपणीचा मित्र. दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या मायेने मराठीत ह्याआधी मी पाहिलं नव्हतं. गावाकडची भाषा खरी आहे, कुणी "ग्रामीण" बोलायचा प्रयत्न करत नाही. पण दुःख ताजं असेल तर थांबा. सुतकातलं घर फार जवळून दाखवलंय.

सांजवात:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

कान तपासले. दोन्ही कानांत मळ होता, तो काढला आणि मशीन नव्याने बसवून दिलं. "हा कोण" कमी झालंय, थांबलेलं नाही. पुढच्या महिन्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

किल्ला पाहिला. आई आणि मुलगा सामान लावतात त्या भागात बाबांनी मला टीव्ही थांबवायला लावला. मी चौथीत असताना त्यांची तासगावहून जतला बदली झाली होती. मला फक्त एवढंच आठवत होतं की माझी सायकल मागे राहिली. बाबा म्हणाले, "तुझी आई ट्रकमध्ये पुढे बसली होती, मांडीवर तुळशीची कुंडी. सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही. मी विचारलंही नाही." मग बराच वेळ दोघंही गप्प होतो. थोड्या वेळाने म्हणाले, "लाव पुढे."

पेठकर, तुमचं पटलं. अस्तूचा विषय सांगून विचारलं. म्हणाले, "तू बघून घे आधी, मग सांग मला." बुधवारी दुपारी एकटीने पाहिला. त्याबद्दल आज लिहवत नाही.

शनिवारी हरिश्चंद्राची फॅक्टरी लावतेय. लेकही बसणार म्हणतेय.