इंग्रजी साहित्यात एम. ए. केल्याने लेखन सुधारते का?

प्रश्न (सांगली):
इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झाल्यावर गेली दोन वर्षे मी मार्केट यार्डात वडिलांच्या हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते आणि रात्री इंग्रजीतून कथा लिहिते. शिवाजी विद्यापीठातून एम. ए. करावे असे मनात आहे. परंतु हेतू प्राध्यापक होण्याचा नसून लेखन सुधारण्याचा आहे. त्यासाठी चार सत्रे द्यावीत काय? दुकान सोडता येणार नाही, तेव्हा दूरशिक्षणाच्या पदवीला काही किंमत असते काय?

उत्तर (सातारा):
मी निवृत्त प्राध्यापक आहे, म्हणून आधीच कबूल करतो की इतक्या वर्षांत 'एक कथा लिहा' असा प्रश्न मी एम. ए.च्या प्रश्नपत्रिकेत एकदाही काढला नाही. आपल्याकडची ही पदवी प्रामुख्याने वाचनाची आहे. लेखक जिथे एकमेकांचे कच्चे खर्डे समोर ठेवून वाक्यावाक्यावर वाद घालतात, तो अभ्यासक्रम अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झाला आणि तिथून इतरत्र पसरला. तरीही वाचनाची पदवी लेखकाला निरुपयोगी असते, असे मात्र समजू नका. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि 'किंग लिअर' त्यांनी मराठीत आणले, आणि एवढ्या बारकाईने दुसऱ्याचे वाक्य उलगडणाऱ्याला स्वतःचे वाक्य ढिले सोडवत नाही. गाईडावर परीक्षा देणार असाल, तर मात्र दुकानच बरे. मूळ संहिता वाचा आणि दर आठवड्याला मराठीचे एक पान इंग्रजीत करून पाहा. जमिनीखालच्या हळदीच्या पेवांसाठी ओळखले जाणारे हरिपूर तुमच्या शेजारीच आहे. 'अफवांचे पेव फुटले' हे इंग्रजीत कसे न्याल?

उत्तर (मिरज):
ताई, मी नोकरी सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम. ए. केले. ही पदवी नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला चालते. त्यासाठी खुल्या प्रवर्गाला एम. ए.त ५५ टक्के लागतात, तेवढे मिळवून ठेवा, कारण आज प्राध्यापक व्हायचे नसले तरी उद्याचे कुणी सांगावे? अडचण वेगळीच आहे. पुस्तके घरी येतात, पण वाद घालायला कुणी नसते, आणि स्वाध्याय शेवटच्या आठवड्यात लिहिण्याची सवय फार लवकर लागते.

प्रश्नकर्ती:
सर, त्याच शब्दापाशी माझी कथा महिनाभर अडली होती. 'पिट' लिहिले तर खड्डा होतो, 'सेलर' लिहिले तर दारूचे तळघर वाटते, आणि जमिनीखाली मातीत हळद साठवण्याची ती जागा दोन्हींत येत नाही. शेवटी 'पेव' तसाच ठेवला. अर्थ सांगितला नाही; पेवाचे तोंड उघडून माणसे बराच वेळ बाहेर थांबतात, मग दोरीने कंदील खाली सोडतात आणि तो विझला नाही तरच एकजण आत उतरतो, एवढेच लिहिले. इग्नूचा अर्ज भरते आहे. पानाचे भाषांतर रविवारी इथेच टाकीन, कृपया लाल शाई घेऊन बसावे.