मदत हवी आहे: घरी बाईकचं काम करताना टॉर्क रेंच नक्की कुठे वापरायचा?

नमस्कार मंडळी,

माझ्या १५० सीसी बाईकची वॉरंटी संपली आहे. तेल बदलणं, प्लग, चेन, पुढचे डिस्क पॅड ही कामं यापुढे घरीच करायची आहेत. निमित्त झालं एका गॅरेजचं. तिथे ड्रेन बोल्ट (इंजिनचं तेल काढायचा खालचा बोल्ट) पान्याला पाइप लावून आवळला होता. पुढच्या वेळी तो सोडवला तर चेंबरचे आटेच बाहेर आले, ॲल्युमिनियमची बारीक चकचकीत तार बोल्टाला गुंडाळलेली. हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, बसवून घ्यावं लागलं. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना, घ्यायचा विचार आहे.

कुठल्या बोल्टला तो हवाच, आणि कुठे हाताच्या अंदाजावर भागतं? दुकानदार म्हणतो, १० ते ११० न्यूटन-मीटरचा (आवळण्याच्या जोराचं माप) एकच पाना सगळ्याला पुरेल. ते खरं का? आट्यांना तेल लागलेलं असेल तर आकडा तोच धरायचा? मॅन्युअलमध्ये काही आकडे किलो-मीटरमध्ये (kgf-m, अंतराचा किलोमीटर नव्हे) आहेत, त्यांचं काय करायचं? मागे बायको आणि मुलगी बसतात, त्यामुळे एक्सल (चाकाचा आस) आणि ब्रेकच्या बाबतीत अंदाजपंचे मला नको आहे.

प्रतिसाद:

एक्सल आणि ब्रेकबद्दल तुमचा आग्रह अगदी बरोबर आहे. दोन्ही चाकांचे एक्सल नट, कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) माउंटिंग बोल्ट आणि हँडल क्लॅम्प टॉर्क रेंचनेच आवळा. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातो तिथेही तोच हवा, म्हणजे ड्रेन बोल्ट, प्लग, इंजिनची कव्हरं. तिथे मऊ धातूचे आटे आधी जातात. आरसे, साइड पॅनल, नंबर प्लेट यांना साधा पाना पुरतो.

दुकानदाराचं मात्र ऐकू नका. क्लिकचा पाना (लावलेल्या आकड्याला ‘टक्’ करणारा टॉर्क रेंच) त्याच्या कमाल आकड्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यापासून वर भरवशाचा असतो, म्हणजे ११० च्या पान्यावर २२ च्या पुढे. इंजिन कव्हरचे ६ मिमीचे बोल्ट १०-१२ न्यूटन-मीटरचे. तिथे मोठ्या पान्याची क्लिक हाताला नीट कळतही नाही आणि बोल्ट तुटतो. ५ ते २५ चा छोटा आधी घ्या, एक्सलसाठी मोठा नंतर.

मॅन्युअलमध्ये तेल लावा असं लिहिलेलं नसेल तर आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांचा समजा. तेलाने घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. ड्रेन बोल्ट फडक्याने पुसा, वॉशर नवा टाका. एक किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. पान्यावर फूट-पाउंडची पट्टीही असते. समजा आकडा २४ न्यूटन-मीटर आहे आणि चुकून तिच्यावर २४ लावलात तर प्रत्यक्षात साडेबत्तीस न्यूटन-मीटर बसतात, आणि हेलिकॉइल पुन्हा धोक्यात.

धागाकर्ता:

खूप आभार, छोटाच आधी घेतो. तो बरोबर दाखवतो का हे घरी कसं तपासायचं? आणि चेन ताणल्यावर एक्सल नटला स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून भोकातून घालायची दुपदरी पिन) आहे, तिचं भोक जुळलं नाही तर?

प्रतिसाद:

पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये असं धरा की पाना आडवा राहील. टोकाच्या मध्यापासून २० सेमीवर, मुठीच्या मधोमध, ५ लिटर पाण्याचा कॅन दोरीने टांगा. ९.८ न्यूटन-मीटर होतात, वर पान्याचं आणि कॅनचं थोडं वजन. ९ वर क्लिक व्हायला हवी, १२ वर होता कामा नये. मूठ २० सेमीवर नसेल तर अंतर मोजून हिशेब करा. याने ढोबळ बिघाड नक्की कळतो. काम झालं की पाना सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि त्याने बोल्ट कधीच सोडवू नका.

भोक जुळलं नाही तर नट पुढेच आवळत न्या, मागे कधीच नाही. पिन दर वेळी नवी. नट आवळला की चेनचा ढिलेपणा पुन्हा मोजा. आवळताना एक्सल किंचित सरकतो आणि आधी बरोबर असलेलं माप बदलतं.