बस-ट्रेनमधले कोरोनाचे नियम फक्त पाटीपुरतेच का? (कोरोनाकाळातली चर्चा)

रोजचा_प्रवासी:
दारावर मोठ्ठी पाटी, मास्कशिवाय प्रवेश नाही, एक सीट सोडून बसा. आत बघावं तर निम्म्यांचा मास्क हनुवटीला, फुली मारलेल्या सीटवर लोक निवांत पसरलेले, आणि फोन आला की हमखास मास्क खाली (अरे, बोलतानाच तर तो हवा ना!). कंडक्टर बघून न बघितल्यासारखं करतो. परवा एका आजोबांनी एकाला टोकलं तर तो त्यांच्याच अंगावर धावून गेला आणि अख्खी बस गप्प. पाळून घ्यायचे नसतील तर नियम काढता कशाला? कुणी तक्रार केलीय का, काही होतं का त्याने?

घंटीवाला:
मी स्वतः कंडक्टर आहे म्हणून सांगतो. आम्हाला दंड करायचा अधिकार नाही. वरून ऑर्डर अशी की विनंती करा, वाद घालू नका. मग एकदा विनंती करतो, समोरचा 'घालतो घालतो' म्हणतो, पुढचा स्टॉप येतो, चढणारे चढतात, तिकिटं राहिलेली असतात, कुणाकुणाच्या नाकाकडे बघत बसू? जुलै २०२० मध्ये फ्रान्समधल्या बायोनला मास्क घाला म्हणाला म्हणून प्रवाशांनी बस ड्रायव्हरला इतकं मारलं की तो गेला. हे वाचल्यापासून घरचे रोज बजावतात, कुणाच्या नादी लागू नकोस.

कलम_कसाई:
खरी गोची अधिकारातच आहे. लंडनचं बघा, जून २०२० पासून तिथे बस-ट्रेनमध्ये मास्क कायद्याने सक्तीचा होता, दंड होता. १९ जुलै २०२१ ला कायद्याची सक्ती गेली आणि वाहतूक संस्थेने तो नियम नुसता प्रवासाची अट म्हणून ठेवला. म्हणजे स्टाफ चढू द्यायचा नाही, उतरायला सांगायचा, पण पोलीस त्यासाठी दंड नव्हते करू शकत. दात काढलेला नियम लोकांना बरोबर कळतो.

खिडकीपाशी:
सगळे मास्कवरच भांडताय. एक सीट सोडून बसा म्हणायचं आणि फेऱ्या निम्म्या करायच्या, मग राहिलेली माणसं जाणार कुठे? ती उभी राहणार, एकमेकांच्या अंगावर. हे प्रवाशांचं बेशिस्त वागणं नाही, वेळापत्रक करणाऱ्यांचं आहे. आणि रात्री दांडे फवारून काय होणार, बंद जागेत हा रोग हवेतून पसरतो हे डब्ल्यूएचओने पण एप्रिल २०२१ मध्ये मान्य केलं, तरी एसीच्या नावाखाली खिडक्या बंदच. खिडकी उघडायला ना पोलीस लागतो ना दंड.

रोजचा_प्रवासी:
@घंटीवाला, तुमचं पटलं, तुमच्यावर राग नाही. पण मग दारातच का नाही कुणी उभं करत? चढल्यावर उतरवण्यापेक्षा चढताना अडवणं सोपं.

घंटीवाला:
मोठ्या स्टँडवर होतं काही दिवस, पथक यायचं, दंडाच्या पावत्या फाडायचे. ते गेलं की दुसऱ्या दिवसापासून जैसे थे. तक्रारीचं म्हणाल तर 'मास्क घालत नाहीत' अशी मोघम लिहू नका, तिचं काहीच होत नाही, फार तर आम्हाला मेमो येतो. गाडी नंबर, मार्ग, वेळ आणि गर्दी किती होती ते लिहा. फेरी वाढवा म्हणून आम्ही सांगितलं तर कोण ऐकतंय, प्रवाशांच्या तक्रारींचा गठ्ठा पडला तर डेपोला निदान उत्तर तरी द्यावं लागतं.