जन्मताच न रडलेल्या बाळाला थंड ठेवण्याचा उपचार : इंग्लंडमध्ये नेहमीचा, मग आपल्याकडे नकार का?

प्रश्न – सागवेकर

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीची प्रसूती तालुक्याच्या गावी झाली. दिवस पूर्ण भरलेले होते, परंतु कळा फार लांबल्या आणि बाळ जन्मताच रडले नाही. पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागला व तेथून त्याला शहरातील मोठ्या रुग्णालयात हलवले. पोहोचेपर्यंत साडेचार तास उलटून गेले होते. मेंदूला रक्त व प्राणवायू कमी पडल्यामुळे मध्यम स्वरूपाची एचआयई (म्हणजे त्यातून होणारी मेंदूची इजा) आहे, असे निदान झाले. लेस्टरला राहणाऱ्या आमच्या चुलतभावाने फोनवर सांगितले की, तिकडे अशा बाळांना तीन दिवस थंड ठेवतात. आम्ही डॉक्टरांना विचारले असता, ‘या बाळाच्या बाबतीत कूलिंगचा फायदा होईल असे वाटत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. बाळ आता बारा दिवसांचे आहे आणि तोंडाने दूध घेऊ लागले आहे. पण डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला की योग्य निर्णय घेतला, यावरून घरात धुसफूस चालू आहे. जाणकारांनी कृपया शास्त्रीय बाजू समजावून सांगावी.

उत्तर 1 – नवजात_कक्ष

मी नवजात शिशू विभागात काम करतो. बाळाला न तपासता त्याच्याविषयी मत देणे उचित नाही, म्हणून केवळ शास्त्रापुरते लिहितो.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की नुकसान एका दमात होत नाही. पहिल्या काही मिनिटांत पेशींची ऊर्जा संपते आणि त्यांपैकी काही तेव्हाच मरतात. श्वास व ठोके पूर्ववत झाले की उरलेल्या पेशी सावरल्यासारख्या दिसतात. हा उसंतीचा काळ साधारण सहा तासांचा असतो. त्यानंतर ग्लुटामेट या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचा अतिरेक, पेशींत शिरलेले कॅल्शियम, मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतील ऊर्जाकेंद्रांचा) बिघाड आणि दाह यांमुळे ऊर्जेचा डोलारा दुसऱ्यांदा कोसळतो व पुढचे दोन-तीन दिवस पेशी मरत राहतात. झटके बहुधा याच टप्प्यात दिसतात. थंडावा दिला जातो तो या दुसऱ्या पडझडीला आवर घालण्यासाठी. मेलेली पेशी त्याने जिवंत होत नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी मेंढीच्या गर्भांवर केलेल्या प्रयोगांत थंडावा जितका लवकर दिला तितका तो उपयोगी पडला, आणि झटके सुरू झाल्यानंतर दिलेला निरुपयोगी ठरला. ‘जन्मापासून सहा तासांच्या आत’ हा नियम तेथून आला.

2005 मध्ये अमेरिकेतील अभ्यासात बाळांना 33.5 अंश सेल्सिअसवर 72 तास ठेवले, तेव्हा मृत्यू किंवा मध्यम-गंभीर अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण 62 टक्क्यांवरून 44 टक्क्यांवर आले. पुढे 11 अभ्यासांतील 1505 बाळांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी सात बाळांना थंड ठेवल्यास एक बाळ मृत्यू किंवा मोठ्या अपंगत्वापासून वाचते, असे निघाले. नवजात शिशूंच्या मेंदूसाठी इतका ठोस उपचार दुसरा नाही. एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक आणि झेनॉन वायू यांची थंडाव्याला जोड देऊन पाहिली, ती वाया गेली. त्यामुळे आपले चुलतभाऊ सांगतात ते चुकीचे नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात मोठ्या केंद्रांत हेलिक्स नावाचा अभ्यास झाला. मुंबईचे सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांत होते. 408 बाळे, तेच तापमान, तेच 72 तास. 2021 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा आम्ही सारेच हादरलो. मृत्यू किंवा अपंगत्व थंड ठेवलेल्या गटात 50 टक्के होते आणि नेहमीच्या देखभालीत 47, म्हणजे फायदा नाहीच. मृत्यू मात्र 42 टक्के विरुद्ध 31 टक्के. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, सुसज्ज अतिदक्षता विभाग असला तरीही, हा उपचार देऊ नये, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला.

उपचार तोच, तापमान तेच, मग निकाल उलटा कसा? मला सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण इजेच्या वेळेचे आहे. पाश्चात्त्य देशांतील बऱ्याच बाळांमध्ये वार अचानक सुटणे, नाळ खाली घसरणे, गर्भाशय फाटणे असा प्रसूतीच्या अगदी शेवटी झालेला आघात असतो. घड्याळ खरोखरच जन्माच्या सुमारास सुरू होते. लांबलेल्या कळांमध्ये मात्र बाळाला तासन्‌तास थोडा-थोडा प्राणवायू कमी पडत राहतो. अशा बाळाची उसंत आईच्या पोटातच संपून गेलेली असू शकते, मग जन्मापासून मोजलेले सहा तास फक्त कागदावर उरतात. जंतुसंसर्ग आणि मातेचे कुपोषण हीही कारणे सुचवली गेली आहेत, पण ती मला दुय्यम वाटतात.

या अभ्यासावर आक्षेपही पुष्कळ आहेत, आणि निवडक बाळांना आजही थंडावा देणारी चांगली केंद्रे भारतात आहेत. वाद मिटलेला नाही. परंतु लांबलेल्या कळा, दूरचा प्रवास आणि हातात उरलेला दीड तास हे सारे पाहता, आपल्या डॉक्टरांच्या निर्णयाला मी हलगर्जीपणा म्हणणार नाही. कारण नीट उलगडून सांगितले नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

उत्तर 2 – सिस्टर_पुणे

थंड ठेवणे म्हणजे पंख्याखाली ठेवणे नव्हे, एवढे सांगण्यासाठी लिहीत आहे. उपचार चालू असताना बाळाच्या गुदाशयात तापमापकाची बारीक तार असते आणि पडद्यावरील आकडा 33 ते 34 च्या बाहेर गेला की आम्हाला उठावे लागते. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाच्या सहकार्याने तयार झालेल्या मिराक्रेडल या थंडावा देणाऱ्या पाळण्यामध्ये ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाच्या गाद्या असतात. त्याला सतत वीज लागत नाही, पण माणूस सतत लागतो. ठोके शंभराच्या खाली उतरतात, प्लेटलेट घटतात, रक्त गोठायला वेळ लागतो, कधी पाठीवरच्या त्वचेखाली चरबीच्या कडक गाठी येतात. 72 तासांनंतर ऊब परत देतानाही तासाला अर्ध्या अंशाहून अधिक घाई करायची नसते, कारण त्या वेळी झटके उसळू शकतात. तीन दिवस आईला बाळ कुशीत घेता येत नाही. तिने काढून दिलेल्या चिकाचे थेंब आम्ही ओठांना लावतो.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी एक लक्षात ठेवावे : गाडीत स्वतःच्या मनाने बाळाला गार करू नये, आणि गरम पाण्याच्या बाटल्या लावून तापवूही नये. अशा मेंदूला ताप फार महागात पडतो.

उत्तर 3 – अतिदक्षता_नागपूर

प्रौढांच्या बाबतीतही कथा अशीच पालटली आहे. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाले, पण रुग्ण शुद्धीवर आला नाही, तर त्याला 32 ते 34 अंशांवर ठेवावे, असे 2002 मधील युरोप आणि मेलबर्न येथील दोन अभ्यासांनी सुचवले आणि जगभर ती पद्धत रुळली. 2013 मध्ये 33 व 36 अंश यांत फरक दिसला नाही. 2021 मध्ये सुमारे 1900 रुग्णांच्या अभ्यासात 33 अंशांवर ठेवलेल्यांपैकी 50 टक्के, तर केवळ ताप येऊ न दिलेल्यांपैकी 48 टक्के सहा महिन्यांत दगावले. थंड गटात हृदयाच्या तालाचे उपद्रवही अधिक होते. आमच्याकडे आता मुख्य भर ताप रोखण्यावर असतो. मात्र प्रौढाचा निष्कर्ष नवजाताला जसाच्या तसा लावू नये. दोन्हींमधील इजेची कारणे व वेळ वेगळी असते.

सागवेकर

आपणा सर्वांचे आभार. हे उत्तर मी घरी वाचून दाखवले. आता पुढे काय पाहावे, तेवढे सांगावे.

नवजात_कक्ष

एमआरआय झाला असल्यास त्याच्या अहवालात बेसल गँग्लिया व थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागांविषयी काय लिहिले आहे, ते डॉक्टरांना विचारा. हालचालींच्या दृष्टीने तो भाग महत्त्वाचा असतो. घरी जाण्यापूर्वी श्रवणचाचणी करून घ्या. तिसऱ्या महिन्यापासून बाळाच्या मज्जासंस्थेची तपासणी ठरावीक अंतराने व्हायला हवी. मान धरण्यास उशीर होणे, मुठी सतत आवळलेल्या असणे किंवा एकच हात अधिक वापरणे यांपैकी काही आढळले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी मोफत मिळते. तेथे नाव नोंदवायला निदान पक्के होण्याची गरज नाही. डिस्चार्ज कार्ड घेऊन जा.