बॅश स्क्रिप्ट ठेवावी की पायथनमध्ये नव्याने लिहावी?

प्रश्न (हिंजवडी, पुणे): आमच्याकडे रोज रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) चालणारी, बॅकअप घेणारी तीनशे ओळींची बॅश स्क्रिप्ट (शेलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याच्या भाषेतील आज्ञांची फाइल) आहे. ‘जून अहवाल’ या फाइलनावातील मोकळ्या जागेमुळे तिने एका नावाची दोन नावे केली आणि बॅकअप अपुरा राहिला. ती पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहावी का?

प्रतिसाद १: व्हेरिएबलभोवती (मूल्य साठवणाऱ्या नावाभोवती) दुहेरी अवतरणचिन्हे नसतील, तर बॅश त्याच्या मूल्याचे मोकळ्या जागेवर तुकडे करते, ही चूक भाषा बदलण्याचे कारण ठरत नाही. शेलचेक हे मुक्तस्रोत साधन अशा ओळी नेमक्या दाखवते, आणि ते फुकट उपलब्ध करून देणाऱ्यांचे आपल्यावर खरोखर ऋण आहे.

प्रतिसाद २ (कर्वेनगर): मी अंशतः असहमत आहे. तीनशे ओळींच्या कामात चुका हाताळणे आणि चाचण्या लिहिणे पायथनमध्ये पुष्कळ सोपे जाते. मात्र पायथन २ या जुन्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तेव्हा आम्हाला कित्येक स्क्रिप्ट बदलाव्या लागल्या. त्याच काळातल्या बॅश स्क्रिप्ट मात्र आजही बिनतक्रार चालतात.

प्रश्नकर्ता: शेलचेकने सतरा ओळी दाखवल्या. त्या आजच दुरुस्त करतो. फक्त अहवाल जुळवण्याचा भाग पायथनकडे नेतो.